चौतीस जोड्या

हाब्बो ऊकेना यांच्या संगणकात दोन हजार नऊशे टिपणं होती आणि प्रत्येक टिपणाला एक आकडा होता. फेब्रुवारी उजाडला तेव्हा त्यांतल्या साडेतेराशे टिपणांना नवा आकडा मिळाला होता. बाकीची जुन्याच आकड्यावर बसून होती. ही बदलाबदल चौथी.

"चहा झालाय," आल्मुट दारातून म्हणाली. "की त्यालाही आधी नंबर द्यायचाय?"

"एवढी एक फांदी संपवतो."

"मागच्या हिवाळ्यात खण होते. आता फांद्या. पुढच्या हिवाळ्यात काय, फळं?"

हाब्बोंनी पुढचं टिपण उघडलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात आल्मुटच्या टोमण्याला उत्तर दिलं की दुसरा येतो, एवढं ते शिकले होते.

शाळेत भूगोल शिकवत असल्यापासून त्यांना शेतांच्या नावांचा नाद होता. समुद्रबांधाच्या आतल्या अकरा गावांत प्रत्येक शेताला, प्रत्येक कुरणाला नाव होतं. उपाशी पट्टी, स्वर्गाचा कोपरा, थंड चूल, सासूचा तुकडा. म्हाताऱ्या माणसांना ही नावं तोंडपाठ होती, त्यांच्या मुलांना अर्धीमुर्धी, आणि नातवंडांच्या ट्रॅक्टरला ती ठाऊक असायची गरजच नव्हती. हाब्बो सायकलवरून हिंडून नावं टिपून आणत. सुरुवातीला कागदाच्या चिठ्ठ्या होत्या. सातव्या चिठ्ठीला काही जोडायचं असलं की सात-अ, त्याला जोडायचं असलं की सात-अ-एक. झाडाला फांदी फुटावी तशी चिठ्ठी कुठेही फुटायची. मग निवृत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी संगणक भेट दिला, आणि संगणकाने दहा नंबरचं टिपण दोनच्या आधी नेऊन ठेवलं. म्हणून सगळ्या आकड्यांपुढे शून्यं लावली. एक हिवाळा गेला. त्यानंतर कुठेतरी वाचलं की टिपणाला ते लिहिल्याची तारीख आणि वेळच आकडा म्हणून द्यावी, म्हणजे दोन टिपणांचा आकडा कधी एक होत नाही. दुसरा हिवाळा. बारा-बारा आकडी शेपट्या बघून डोळे दुखायला लागले, तेव्हा दहा कपाटं आणि प्रत्येक कपाटात दहा खण अशी मांडणी केली. खणांत दोन वर्षं कशीबशी निघाली. पण सासूचा तुकडा 'नातेसंबंध' या खणात ठेवावा की 'लहान शेतं' या खणात, यावर एकदा अख्खा आठवडा मोडला, आणि हाब्बोंना पुन्हा फांद्यांची आठवण व्हायला लागली.

कोणी विचारलं असतं तर त्यांनी कबूल केलं असतं की या सगळ्यात एक ओळही लिहून झालेली नाही. पण विचारत कोणी नव्हतं. नोव्हेंबरपर्यंत.

नोव्हेंबरात पालिकेची सभा झाली. त्या उन्हाळ्यात एक माणूस गंजीवरून पडला होता आणि रुग्णवाहिका चाळीस मिनिटं शेतवाटांवर गोल गोल फिरत राहिली होती. वाचला तो, पण पालिकेने ठरवलं की अकरा गावांतल्या शहाण्णव शेतवाटांवर पाट्या लावायच्या. नकाशावर एक ते शहाण्णव आकडे घातलेलेच होते. तेच पाट्यांवर येणार होते. वाट क्रमांक चौदा. वाट क्रमांक एकोणसाठ.

तेव्हा हाब्बो उभे राहिले. सभेत ते कधी बोलत नसत. शाळेतसुद्धा मुलांपुढे नीट बोलायला लागेपर्यंत त्यांचा पहिला तास जाई. ते म्हणाले, "प्रत्येक वाटेला नाव आहे. मी देतो." एवढंच म्हणून ते खाली बसले आणि त्यांचे कान तापले.

पालिकेने ते लिहून घेतलं. एकतीस मार्चपर्यंत हाब्बोंच्या ग्रामइतिहास मंडळाने शहाण्णव नावं आणि प्रत्येक नावाचं एका ओळीत कारण द्यावं. दिलं तर पाट्यांवर नावं येतील. नाही दिलं तर आकडे.

आणि हाब्बोंनी घरी येऊन ठरवलं, की कामाला लागण्याआधी टिपणं एकदा नीट लावून घ्यावीत.

*

दहा फेब्रुवारीला मंडळाच्या चिटणीस हेडिंगाबाई सायकलवरून आल्या. वारा समोरचा होता, त्यामुळे त्या दारातच अर्धं मिनिट श्वास घेत थांबल्या आणि मग इकडच्या पद्धतीने नमस्कार करत म्हणाल्या, "मोइन. किती झाली?"

तोम्मा हेडिंगा भूमिअभिलेख कचेरीतून चाळीस वर्षांनी निवृत्त झालेल्या उंच, सरळ बाई होत्या. हाब्बो आणि त्या बारा वर्षं मंडळात एकत्र होते आणि अजून एकमेकांना अहो-जाहो करत होते.

"या, बसा. चहा घ्या," हाब्बो म्हणाले.

"घेते. किती झाली?"

"क्रम लावणं चालू आहे."

"ऊकेनासर, तुम्ही वर्गात असंच उत्तर चालवून घ्यायचात का?"

आल्मुटने बाईंच्या पेल्यात खडीसाखर टाकली आणि वरून चहा ओतला. खडा तडकला. "तो परत सामान हलवतोय," ती म्हणाली. "पाहुणे दारात उभे, आणि हा कपाट या भिंतीचं त्या भिंतीला लावतोय."

"एकही नाही," हाब्बो म्हणाले.

चहा तसाच ठेवून हेडिंगाबाई संगणकापुढे जाऊन बसल्या. स्वर्गाचा कोपरा उघडला. टिपणाच्या तळाशी लिहिलं होतं: 'बघा ४१.०७.' त्यांनी ४१.०७ शोधलं. नव्हतं.

"ते आता बारा-क-तीन झालंय," हाब्बो हळूच म्हणाले.

"मग इथे तसं लिहिलेलं का नाही?"

"हे टिपण अजून व्हायचंय. जुन्या टिपणांना नवे आकडे माहीत नाहीत आणि नव्यांना जुने."

"म्हणजे अर्धं गाव स्थलांतरित झालंय आणि पोस्टमनला कोणी सांगितलेलं नाही."

"थोडंफार तसं."

"ते पुरं करायला किती दिवस?"

हाब्बोंनी मनात हिशोब केला. "मे अखेरपर्यंत होईल."

"पाट्यांची मुदत मार्चअखेर."

"माहीत आहे."

त्यांना खरंच माहीत होतं. रोज सकाळी जाग आल्याबरोबर पहिलं तेच आठवायचं. तरी खुर्चीत बसलं की हात टिपणाच्या आकड्याकडेच जायचे. आकडा चुकला तर आकडा बदलता येतो. नाव चुकलं तर गावाला कळतं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी स्थानिक वर्तमानपत्रात एकच लेख लिहिला होता, गाल्गनकांप या शेताबद्दल. गाल्गन म्हणजे फाशीचा खांब, तेव्हा इथे पूर्वी गुन्हेगारांना लटकवत असावेत, असं त्यांनी मोठ्या अभ्यासाने मांडलं होतं. शेताचे मालक हिंदेर्क फ्रेरिक्स दुसऱ्या दिवशी बेकरीच्या रांगेत सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर, विहिरीतून पाणी काढायच्या लांब वाशालाही आम्ही गाल्गनच म्हणतो. आमच्याकडे फक्त बादल्या लटकल्या." रांग हसली. हाब्बो पाव न घेता घरी आले. त्यानंतर त्यांनी काही छापलं नाही. आकडे मात्र पुष्कळ बदलले.

हेडिंगाबाईंनी खुर्ची फिरवली. "हे बघा. आकड्यांना हात लावायचा नाही. आहेत तसे अर्धे-अर्धे राहू देत. पालिकेचा नकाशा इथे मांडायचा. तुम्ही वाट ओळखायची, नाव सांगायचं, मी लिहिणार. अडलं तर शोधखिडकीत शब्द टाकायचा. 'चूल' टाकलं की चूल येते. आकडा लागतोच कुठे?"

"शोधून सापडतं हो," हाब्बो म्हणाले. "पण त्याला क्रम म्हणत नाहीत."

"क्रम कोणाला हवाय? रुग्णवाहिकेला?"

स्वयंपाकघरातून आल्मुट हसल्याचं ऐकू आलं.

*

दुसऱ्या दिवसापासून हेडिंगाबाई रोज दहाला येऊ लागल्या आणि बाराला जाऊ लागल्या. हाब्बो नकाशावर वाकून बसत. ते आकड्यांच्या क्रमाने जात नसत. पूर्वी सायकलवरून जसे हिंडले होते तसे, चर्चपासून निघून पंपघरापर्यंत, तिथून बांधाला लागून परत. बोट फिरवत फिरवत सांगत: "चौतीस. उपाशी पट्टी. कारण, जमीन इतकी निकस की पेरलेलंही परत येत नसे."

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या होत्या, "आकडे सुटे सांगा. तीन, चार. कचेरीत आम्ही तसेच सांगायचो. अख्खा आकडा उच्चारायला बंदी होती."

"तीन, चार हा काय आकडा झाला?" हाब्बो म्हणाले. "ती मोजणी झाली. मी आयुष्यभर मुलांना चौतीस म्हणायला शिकवलं."

"बरं. घर तुमचं आहे."

चौतीस म्हणताना कानावर आधी चार पडतो. ज्याला सवय आहे तो तोंड मिटेपर्यंत थांबतो, मग लिहितो. हेडिंगाबाईंना चाळीस वर्षं थांबायची वेळच आली नव्हती. पण हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. काम झपाट्याने चाललं होतं. हाब्बोंना स्वतःचंच नवल वाटत होतं. एखादी वाट बघितली की त्यांना नाव आठवायचं, नावाबरोबर ते सांगणारं माणूस आठवायचं, त्या माणसाचा कुत्रा आठवायचा. आकडा आठवत नव्हता, आणि त्याने काही अडतही नव्हतं. कारणं सांगताना मात्र ते अडखळत. 'असावं' म्हणत.

"असावं की आहे?" बाई विचारत.

"असावं."

"पाटीवर 'असावं' मावत नाही."

"पाटीवर नुसतं नाव येणार. कारण पत्रकात."

"मग पत्रकात 'असावं' लिहिते. चालेल?"

"चालेल," हाब्बो म्हणत, आणि त्यांना बरं वाटे.

सतरा मार्चला यादी पुरी झाली. शहाण्णव ओळी. हाब्बोंनी ती छापली, सुरकुती पडणार नाही अशी दोन्ही हातांनी धरून स्वयंपाकघरात नेली आणि आल्मुटपुढे ठेवली. ती बटाटे सोलत होती. तिने चष्मा नाकावर सरकवला आणि सुरी हातात धरूनच वाचायला लागली.

"छान दिसतंय की," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "थंड चूल पंपघराजवळ कधी गेली?"

"कुठे?"

"सत्तावीस, थंड चूल. सत्तावीस म्हणजे हे पंपघराकडचं ना? थंड चूल चर्चच्या पलीकडे. बाबांना मी तिथे न्याहारी न्यायचे. पंपघरापर्यंत चालत गेले असते तर न्याहारी दुपारी पोचली असती."

हाब्बोंनी यादी घेतली. चर्चपलीकडची वाट बहात्तर होती. यादीत बहात्तरपुढे लिहिलं होतं: खेकड्याची नाळी. ती पंपघराजवळची.

त्यांनी एका ओळीवर एक बोट ठेवलं, दुसरीवर दुसरं. "सत्तावीस," ते म्हणाले. "बहात्तर."

*

हेडिंगाबाई आल्या तेव्हा हाब्बो संगणकापुढे होते. त्यांनी एक नवी फाइल उघडली होती आणि तिचं नाव 'वाटांचे आकडे, नवी पद्धत' असं ठेवलं होतं.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"प्रत्येक वाटेला आकड्याऐवजी तीन अक्षरं द्यायची. गावाचं एक, दिशेचं एक, आणि..."

"ऊकेनासर."

"... म्हणजे उलटं झालं तरी लगेच कळेल."

"ऊकेनासर, चूक माझी आहे. तुम्ही चौतीस म्हणता, माझं बोट चारावर जातं. कधीकधी. आणि अजून एक आहे." बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. "चार-पाच वेळा, सात वेळा असेल, मी ओळ उघडली तर तिथे आधीच नाव होतं. मला वाटलं, आत्ता बोटं उलटी पडली. म्हणून उलट्या आकड्यात टाकलं आणि मोकळी झाले. खरं म्हणजे आधीचंच चुकलेलं असणार. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"का नाही सांगितलं?"

"चाळीस वर्षं भूमिअभिलेखात होते मी. तुम्ही काय म्हणाला असतात?"

बाईंना असं खाली बघताना हाब्बोंनी कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "तुम्ही सुटे आकडे मागितले होते. मी नको म्हटलं. म्हणजे चूक माझी."

"बरं, वाटून घेऊ."

"पण आता कुठल्या ओळी उलट्या आहेत ते कळणार नाही."

"तुमची टिपणं आहेत ना? बसून ताडून बघू."

"टिपणांत लिहिलंय, अमक्याच्या शेताला लागून. तो अमका कुठे, तर बघा ४१.०७. आणि ४१.०७ आता नाहीच." हाब्बोंचा आवाज बारीक झाला. "फांद्या केल्या नसत्या तर एका बैठकीत सगळं ताडून झालं असतं. चौदा दिवस राहिलेत, बाई. पालिकेला आकडेच लावू द्या. आकडा निदान खोटं बोलत नाही. उपाशी पट्टीची पाटी कोणाच्या चांगल्या शेतावर लागली, तर लोक..."

"तर लोक काय?"

"हसतील."

आल्मुट दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "सहा वर्षं झाली हाब्बो, त्या बादलीला. अजून किती दिवस ती डोक्यावर घेऊन फिरणार आहेस?"

मग हेडिंगाबाईंनी एक कागद ओढला आणि कचेरीतल्यासारख्या उभ्यानेच आकडेमोड करायला लागल्या. "एक ते नऊ उलटत नाहीत. दहा, वीस, तीस उलटत नाहीत. अकरा, बावीस, तेहतीस उलटले तरी तेच. एकोणऐंशीचं सत्त्याण्णव होतं आणि सत्त्याण्णव नंबरची वाटच नाही, म्हणजे ते सुटलं. एकोणनव्वदही सुटलं. अठ्ठावीस वाटा सोडून द्या. उरल्या अडुसष्ट. म्हणजे जोड्या किती?"

"चौतीस," हाब्बो म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं. "तीन, चार? की चार, तीन?"

आल्मुट आधी हसली. मग हेडिंगाबाई. हाब्बो हसले नाहीत, पण त्यांनी ती नवी फाइल बंद केली. संगणकाने विचारलं, जतन करायची का. त्यांनी 'नाही' म्हटलं.

"जोडीतली एक वाट बघितली की दुसरीचं आपोआप कळतं," बाई म्हणाल्या. "चौतीस ठिकाणी जायचं. शेतात जो दिसेल त्याला विचारायचं, या शेताला काय म्हणता?"

"फोन करून विचारलं तर?"

"फोनवर शेतकरी 'हो' म्हणतो आणि ठेवतो. सायकलीत हवा आहे का?"

*

नऊ दिवस ते हिंडले. पावसाचे दोन दिवस घरी गेले, आणि एक दिवस हेडिंगाबाईंचा गुडघा सुजला म्हणून. बाकी रोज सकाळी दोघं निघत, बाई पुढे, हाब्बो मागे. कालव्याकडेची वाट सरळ होती आणि वारा आडवा. सायकली डावीकडे कलत्या धरून चालवाव्या लागत.

पहिल्या दिवशी हाब्बो फाटकाशीच थांबत आणि विचारायचं काम बाई करत. बाई कचेरीच्या आवाजात विचारत, आणि लोक दचकून कागदपत्रं शोधायला लागत. "सगळे कर भरलेत आम्ही," एक म्हातारी म्हणाली. तिसऱ्या शेतावर बाई म्हणाल्या, "हे तुमचं काम आहे. मला बघून लोक पावत्या आणतात." तेव्हापासून हाब्बो विचारू लागले. त्यांना बोलायला वेळ लागे, आणि तेवढ्या वेळात समोरचा माणूसच बोलायला लागे.

एकाहत्तर बरोबर निघाली, म्हणजे सतराही बरोबर. पंचवीस उलटी होती. छत्तीस बरोबर. अठ्ठावन्नला शेतात कोणी नव्हतं. ते तासभर थांबले, मग दूध न्यायला आलेल्या चालकाने सांगितलं, आणि तीही बरोबर निघाली. बाई वहीत प्रत्येक जोडीपुढे खूण करत. हाब्बो आता "पाच, आठ" असं म्हणत, आणि म्हणताना तोंड वाकडं करत.

पाचव्या दिवशी सोळा नंबरची वाट आली. सोळा किंवा एकसष्ट. यादीत सोळापुढे गाल्गनकांप होतं.

"इथे मी विचारते, हवं तर," हेडिंगाबाई म्हणाल्या.

हाब्बोंनी सायकल कुंपणाला लावली. हिंदेर्क फ्रेरिक्स वासरांच्या गोठ्यातून बादली घेऊन बाहेर येत होते. ऐंशीला टेकलेले, खांद्याने रुंद. त्यांनी हाब्बोंना ओळखलं आणि बादली खाली ठेवली.

"मोइन, मास्तर. आज कोणाला लटकवायला आलात?"

"मोइन." हाब्बोंचे कान तापले. पण पाय तिथेच राहिले. "आज विचारायला आलोय. मागच्या वेळी विचारलं नव्हतं, तेच चुकलं. गाल्गनकांप हीच वाट का?"

"हीच. त्या टोकाला विहीर होती. माझ्या आजोबांनी बुजवली." फ्रेरिक्सनी बोट दाखवलं. "का, परत छापताय?"

"पाटी लागणार आहे. वाटेला."

"नावाची?"

"यादी गेली तर नावाची. नाहीतर सोळा नंबर."

फ्रेरिक्सनी वाटेकडे बघितलं. जन्मभर तिच्यावरून गेलेले, पण जणू पहिल्यांदा बघत होते. "सोळा नंबर म्हटलं तर पशुवैद्य चुकेल. आमच्या गोठ्यात सोळा नंबरची गाय आहे. मोठी द्वाड." मग म्हणाले, "कारण काय लिहिणार?"

"विहिरीचा वासा."

"नुसतं 'वासा' नको. लिहा, दोन बैल उभे राहतील एवढ्या लांबीचा. आणि पलीकडच्या चराला नाव आहे, ते घेतलंय का? नाही ना? लिहा."

हाब्बो लिहू लागले. चराचं नाव, फाटकाचं नाव, जिथे वीज पडली होती त्या कोपऱ्याचं नाव. फ्रेरिक्स गोठ्याच्या भिंतीला टेकून सांगत राहिले आणि मधूनच म्हणत, "हे आमच्या बायकोला विचारा, तिचं थोडं वेगळं आहे." हेडिंगाबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि मग पाहायचं सोडून दिलं.

परतताना त्यांनी विचारलं, "या नव्या टिपणांना आकडा कुठला देणार?"

"बघू," हाब्बो म्हणाले. त्यांना वाऱ्यामुळे मोठ्याने बोलावं लागलं, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

एकोणतीस मार्चला चौतिसावी जोडी तपासून झाली. सात जोड्या उलट्या निघाल्या. सातही नीट केल्या.

एकतिसाला सकाळी ते दोघं पालिकेच्या खिडकीपाशी होते. कारकुनाने पानं उलटली आणि उजव्या बाजूच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे टिपणांचे आकडे आले होते. काही १२क३ असे, काही ४१.०७ असे, आणि दोन-तीन बारा आकडी, कुठल्या हिवाळ्यात राहून गेलेले कोण जाणे.

"हे तीन प्रकार कसले?"

हाब्बोंना एकदम वाटलं, यादी परत घ्यावी. एक दिवस द्या म्हणावं. निदान हा रकाना एकसारखा करून आणावा. हेडिंगाबाई बाजूला उभ्या होत्या आणि मुद्दाम भिंतीवरची सूचना वाचत होत्या.

"ते माझं घरचं आहे," हाब्बो म्हणाले. "तुम्हाला लागणार नाही." त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि प्रत्येक पानावर त्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत एक रेघ मारली. रेघा सरळ आल्या नाहीत.

कारकुनाने शिक्का मारला.

*

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाट्या लागल्या. पांढऱ्यावर काळी अक्षरं, खाली बारीकसा पालिकेचा क्रमांक, वर मोठं नाव. आल्मुटने थंड चुलीच्या पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि बहिणीला पाठवला. कारणांचं पत्रक घरोघर वाटलं गेलं. हाब्बो तीन दिवस बेकरीत गेले नाहीत. चौथ्या दिवशी गेले. रांगेत लोक पत्रकाबद्दलच बोलत होते, पण हसत नव्हते. सासूचा तुकडा नेमका कोणाच्या सासूचा, यावर वाद चालला होता आणि त्यांना साक्षीला धरण्यात आलं.

त्यानंतरच्या सोमवारी फोन वाजला. आल्मुटने घेतला आणि हाब्बोंपुढे धरला. "कोणी व्युब्बेनाबाई. म्हणतात, पाटीत चूक आहे."

हाब्बोंनी फोन घेतला. "ऊकेना."

"तुम्ही ते मास्तर ना?" आवाज म्हातारा आणि करकरीत होता. "पंचावन्न नंबरची वाट. पोगेनतळं. तुम्ही लिहिलंय, पोग म्हणजे बेडूक, म्हणून बेडकांचं तळं."

"हो," हाब्बो म्हणाले. पंचावन्न. उलटत नाही म्हणून बघायला गेलेच नव्हते.

"तिथे कधी बेडूक नव्हते. तिथे पोगे राहायचे. माझ्या आजीचे वडील, यान पोगे. तळं त्यांनी खणलं. बेडूक कसले, बदकं पाळायचे ते."

शहाण्णव घरांत पत्रक गेलं होतं, नव्हे, सातशे घरांत. व्युब्बेनाबाई पलीकडे वाट बघत होत्या. त्यांच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक फोनवर ऐकू येत होती.

"हे मला कोणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

"कोणी विचारलं नव्हतं. मी सत्त्याऐंशी वर्षांची आहे, मास्तर. इथेच आहे."

हाब्बोंनी टेबलावरचं एक पाकीट ओढलं, उलटं केलं आणि पेन शोधलं. आल्मुटने ते त्यांच्या हातात दिलं.

"पोगे," ते म्हणाले. "एक ग की दोन?"

"दोन. आणि बसून लिहा, वेळ लागेल. त्यांची तीन लग्नं झाली होती."

हाब्बो बसले.